लेखकाच्या आधी ग्रंथपाल

१९३१च्या उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या डेटोना बीच या गावी एक मोटार येऊन थांबली. हैतीची भटकंती करून परतणारे दोन तरुण तिच्यात होते आणि दोघांचेही खिसे जवळपास रिकामे झाले होते. त्यांपैकी एक होता लँग्स्टन ह्यूज. दोन कवितासंग्रह आणि एक कादंबरी त्याच्या नावावर होती, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या नव्या कृष्णवर्णीय लेखकांमध्ये त्याची गणना होत होती, आणि तरीही लेखणीवर पोट कसं भरायचं हा प्रश्न काही सुटलेला नव्हता. हे दोघे मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्या दारी गेले. बेथ्यूनबाईंनी १९०४ साली अवघ्या दीड डॉलरच्या भांडवलावर कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढली होती आणि एव्हाना तिचं महाविद्यालय झालं होतं. त्यांनी पाहुण्यांना ठेवून घेतलं, पुढे त्यांच्याच मोटारीतून न्यूयॉर्कपर्यंत प्रवासही केला. त्या भेटीत त्यांनी तरुण कवीला एक काम सांगितलं: कविता घेऊन दक्षिणेत फिर, आपल्या लोकांना तिची गरज आहे.

आज अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेत लेखक येणार म्हटलं की सगळं कसं ठरलेलं असतं. महिनाभर आधी वर्गात पुस्तकं वाचली जातात, व्हरांड्यात मुलांची चित्रं लागतात, पुस्तकांच्या मागणीचे कागद घरी जातात, आणि त्या दिवशी सभागृहात जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मुलांचे हात प्रश्नांसाठी सारखे वर असतात. पाहुण्याच्या सोयीची पूर्ण जबाबदारी बहुधा एकाच माणसावर असते, ती म्हणजे शाळेचा ग्रंथपाल. हा रिवाज इतका रुळला आहे की त्याला इतिहास आहे हेच विसरायला होतं. तो इतिहास नीट पाहिला तर लेखकाच्या आधी त्या वाटेने ग्रंथपाल आणि शिक्षक चालत गेलेले दिसतात. जिथे ते नव्हते तिथे लेखक आला काय आणि गेला काय, मुलांच्या हाती फारसं काही उरलं नाही.

बेथ्यूनबाईंचं म्हणणं ह्यूजने मनावर घेतलं. रोझेनवाल्ड निधीकडून त्याला १,००० डॉलरचं साहाय्य मिळालं. सीअर्स, रोबक या कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने दक्षिणेच्या खेड्यापाड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभ्या करायला मदत केली होती. हा निधी त्यांचाच. त्या पैशांतून ह्यूजने फोर्ड मोटार घेतली. त्याला स्वतःला ती चालवता येत नव्हती, म्हणून रॅडक्लिफ लुकस हा ओळखीचा तरुण चालक आणि व्यवस्थापक म्हणून बरोबर निघाला. १९३१च्या नोव्हेंबरात दौरा सुरू झाला.

तो काळ मंदीचा होता आणि दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे कडक होते. गोऱ्यांच्या हॉटेलात या दोघांना खोली मिळणार नव्हती, जेवणही मिळणार नव्हतं. त्यामुळे मुक्काम कुणा शिक्षकाच्या, कुणा प्राध्यापकाच्या, कुणा पाद्र्याच्या घरी पडायचा. कवितावाचन व्हायचं शाळेत, महाविद्यालयात किंवा चर्चमध्ये. मानधन यजमानांच्या ऐपतीप्रमाणे. मोटारीत पुस्तकांचे गठ्ठे असत, आणि त्यांच्या किमतीचा विचार ह्यूजने फार बारकाईने केला होता. चित्रकार प्रेंटिस टेलरच्या साहाय्याने त्याने कवितांची एक लहानशी पुस्तिका छापून घेतली होती, किंमत फक्त २५ सेंट. आपल्या पहिल्या संग्रहाची एक डॉलरची स्वस्त आवृत्तीही त्याने नॉफ या प्रकाशनसंस्थेकडून काढवून घेतली. श्रोत्यांना परवडेल असं पुस्तक हाती नसेल तर कवी ऐकून ते रिकाम्या हाताने घरी जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

या दौऱ्याचं मोल कळायला तिथल्या शाळांची अवस्था डोळ्यांसमोर आणावी लागते. कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला अनेकदा गोऱ्या शाळांनी वापरून टाकून दिलेली क्रमिक पुस्तकं येत. त्या पुस्तकांत त्यांच्यासारखं माणूस शोधून सापडायचं नाही, आणि सापडलंच तर ते विदूषक किंवा नोकर म्हणून. अशा वर्गासमोर सुटाबुटातला तिशीचा कृष्णवर्णीय तरुण उभा राहतो, आपण कवी आहोत असं सांगतो आणि ब्लूजच्या ठेक्यावरच्या, त्यांच्याच बोलीतल्या कविता वाचतो! सुरुवातीला हलक्याफुलक्या रचना, मग कष्टकऱ्यांच्या, मग अन्यायाच्या, अशा चढत्या क्रमाने तो कार्यक्रम बांधत असे. अलाबामातल्या किल्बी तुरुंगातही तो गेला. स्कॉट्सबरो खटल्यात फाशीची शिक्षा झालेले कृष्णवर्णीय तरुण तिथे कोंडलेले होते, आणि त्यांतले काही अजून शाळेत असायच्या वयाचे होते. त्यांच्यासमोर त्याने मुद्दाम हसवणाऱ्या कविता वाचल्या.

मराठी वाचकाला ह्यूज पूर्ण अनोळखी नाही. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने ही सगळी परंपरा मराठीत आणली, आणि दलित साहित्याच्या चर्चेत तिचा उल्लेख वारंवार होत आला. पण तो उल्लेख होतो तो बंडाचा कवी म्हणून. मुलांपुढे उभा राहणारा ह्यूज आपल्याकडे मागेच राहिला.

ह्यूजच्या दौऱ्याआधी अमेरिकेत लेखक आणि मुलं यांची गाठ पडत नव्हती असं नाही, पण ती पडायची शाळेच्या बाहेर. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९०६पासून ॲन कॅरल मूर मुलांचा विभाग सांभाळत होत्या. मुलांना ग्रंथालयात हक्काची जागा हवी, त्यांच्या उंचीची टेबलं हवीत, त्यांनी पुस्तकाला हात लावला तर कुणी ओरडू नये, अशा साध्या गोष्टींसाठी ही बाई आयुष्यभर झगडली. बॉय स्काउट संघटनेचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज स्वस्त, सवंग साहसकथांवर तुटून पडत होते. या दोघांना ‘पब्लिशर्स वीकली’चे फ्रेडरिक मेल्चर येऊन मिळाले आणि १९१९मध्ये मुलांच्या पुस्तकांचा सप्ताह सुरू झाला. मॅकमिलन या प्रकाशन कंपनीने मुलांच्या पुस्तकांसाठी स्वतंत्र विभाग उघडला तोही त्याच वर्षी. मेल्चर यांच्याच कल्पनेतून १९२२पासून बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक दिलं जाऊ लागलं. १९२८मध्ये ते एका भारतीयाला मिळालं. कलकत्त्याजवळ जन्मलेले धनगोपाल मुखर्जी हे त्या लेखकाचं नाव, आणि पुस्तक होतं एका कबुतराची गोष्ट. अमेरिकाभर व्याख्यानं देत हिंडणारा हा लेखक आज भारतातही फारसा कुणाला आठवत नाही, याची हळहळ वाटते.

पुस्तक सप्ताहात लेखक लोकांसमोर येऊ लागले, पण जागा असायची ती ग्रंथालयाची किंवा मोठ्या दुकानाची. बालसाहित्याच्या लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर १९३७च्या ऑक्टोबरात मिझुरीतल्या आपल्या शेतावरून डेट्रॉइटला गेल्या तेव्हा सत्तरीत होत्या, आणि त्यांचं भाषण झालं हडसन या प्रचंड डिपार्टमेंट स्टोअरमधल्या पुस्तक मेळाव्यात. शाळांतली मुलं त्यांना पत्रं लिहीत. ती इतकी येऊ लागली की पुढे प्रकाशकाला त्यांच्या हस्ताक्षरातलं एक छापील उत्तर तयार करावं लागलं.

ह्यूजच्या दौऱ्याच्या सुमारास क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या बालविभागाच्या प्रमुख एफी पॉवर यांनी एक काम केलं. ह्यूजचं माध्यमिक शालेय शिक्षण क्लीव्हलंडला झालं होतं. त्याच्या कवितांतून मुलांसाठी निवड करून एक पुस्तक व्हावं असं त्यांनी सुचवलं, आणि १९३२मध्ये ‘द ड्रीम कीपर’ निघालं, पॉवर यांच्याच प्रस्तावनेसह. त्याची चित्रं हेलन सूएल यांनी काढली. वाइल्डरबाईंच्या मोठ्या रानातल्या छोट्या घराच्या पहिल्या पुस्तकाची चित्रंही त्यांचीच, आणि तेही निघालं त्याच वर्षी. अमेरिकन बालपणाची दोन अगदी वेगळी चित्रं एकाच हातातून उतरली. पण शाळांच्या कपाटात त्यांतलं एकच सर्वत्र पोचलं, आणि ते कोणतं हे सांगायची गरज नाही.

ही दरी बुजवायचं काम काही ग्रंथपालांनी नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षं केलं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेममधल्या १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत १९३७मध्ये ऑगस्टा बेकर रुजू झाल्या. कृष्णवर्णीय मुलांना अपमानित न करणारी पुस्तकं किती आहेत हे त्या शोधू लागल्या, तेव्हा हाती फार थोडी लागली. मग त्यांनी जमतील तेवढी पुस्तकं एकत्र केली, त्यांची यादी केली, प्रकाशकांच्या मागे लागल्या आणि जोडीला मुलांना गोष्टी सांगत राहिल्या. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या हॉल शाखेत शार्लमे रोलिन्स तेच करत होत्या. त्यांनी सिद्ध केलेली शिफारशींची यादी १९४१मध्ये छापली गेली. कुठल्याही गाजलेल्या लेखकभेटीपेक्षा या दोन याद्यांचं ऋण मोठं आहे.

शिकागोतच १९४९मध्ये ह्यूज तीन महिने एका शाळेत राहिला. ही शिकागो विद्यापीठाची प्रयोगशाळा, म्हणजे ‘लॅबोरेटरी स्कूल’, तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ साली सुरू केलेली. मुलं करून शिकतात, ऐकून नव्हे, हा ड्यूईंचा आग्रह. १९०४मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि तिथे १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या वर्गात बसले. ड्यूईंच्या विचारांचा ठसा बाबासाहेबांच्या लेखनावर शेवटपर्यंत दिसतो. त्याच ड्यूईंच्या शाळेत ह्यूज कवितेचा पाहुणा अध्यापक म्हणून आला. एका संध्याकाळच्या वाचनापुरता येणारा कवी आता रोज भेटू लागला. मुलांना त्याचा विसर पडायच्या आत तो परत वर्गात हजर होत होता. शाळेतल्या लेखकभेटीच्या इतिहासातलं हे वळण फार महत्त्वाचं आहे, पण त्याचं लोण लगेच पसरलं नाही. शिकागोची ती शाळा सधन होती, विद्यापीठाच्या पंखाखाली होती. बाकीच्या शाळांकडे कवीला ठेवून घेणं सोडाच, त्याची पुस्तकं ठेवायला कपाटही नव्हतं.

ते कपाट आलं १९६५मध्ये. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जानेवारीत काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, पाठवलेल्या संदेशात सांगितलं की देशातल्या जवळपास ७० टक्के सार्वजनिक प्राथमिक शाळांमध्ये ग्रंथालयच नाही. चंद्रावर माणूस उतरवायला निघालेल्या देशाची ही स्थिती होती. जॉन्सन स्वतः एकेकाळी टेक्सासमधल्या कोटुला गावी गरीब मेक्सिकन मुलांना शिकवत असत. ११ एप्रिल १९६५ रोजी त्यांनी प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली, तीही आपल्या बालपणीच्या एका खोलीच्या शाळेसमोर, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून. त्या कायद्याच्या दुसऱ्या भागात शालेय ग्रंथालयांतली पुस्तकं आणि साधनं यांसाठी पहिल्या वर्षापुरती १० कोटी डॉलरची तरतूद होती. शाळा मोठ्या प्रमाणावर पुस्तकं घेऊ लागल्या, आणि बालसाहित्याच्या प्रकाशकाला शाळा हेच मोठं गिऱ्हाईक झालं.

पण पुस्तकं कुणाची? त्याच वर्षी सप्टेंबरात ‘सॅटरडे रिव्ह्यू’मध्ये नॅन्सी लॅरिक यांचा लेख आला आणि या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत पुढे आलं. न्यूयॉर्कच्या एका बालवाडीतल्या पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने चित्रांचं पुस्तक बघताना विचारलं होतं की यातली मुलं नेहमी गोरीच का असतात. तिथून लॅरिकबाईंनी सुरुवात केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं त्यांनी हिशेबात घेतली. त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. बेकर आणि रोलिन्स पंचवीस वर्षं जे सांगत होत्या ते अखेर छापून आलं.

ह्यूज मे १९६७मध्ये वारला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘टीचर्स अँड रायटर्स कोलॅबोरेटिव्ह’ ही संस्था उभी राहिली. तिच्या नावातच शिक्षक आधी आहेत आणि लेखक नंतर. हर्बर्ट कोल हा हार्लेममध्ये शिकवलेला तरुण शिक्षक तिचा पहिला संचालक. म्युरिअल रुकायझर, ग्रेस पेली, ॲन सेक्स्टन, जून जॉर्डन अशी लेखक-कवी मंडळी तिच्याभोवती जमली. जून जॉर्डन यांनी ब्रुकलिनमध्ये मुलांसोबत लेखनाची कार्यशाळा चालवली. तिथल्या मुलांचं लिखाण १९७०मध्ये पुस्तकरूपाने बाहेर आलं. लेखकाने शाळेत येऊन आपलं वाचून दाखवायचं आणि जायचं, ही रीत या मंडळींनी मोडली. आता मुलं लिहिणार होती आणि लेखक ऐकणार होता.

या कामातला सर्वांत गाजलेला प्रयोग केनेथ कोक यांचा. कोक कवी, कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. १९६८च्या वसंतात ते मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या पी. एस. ६१ या प्राथमिक शाळेत जाऊ लागले. वस्ती कष्टकऱ्यांची, वर्गात पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांतली पुष्कळ मुलं. इंग्रजी लिहिताना अडखळणारी, आणि कविता म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका काढायची आणखी एक जागा असं समजणारी. कोक यांनी त्यांना एक खेळ दिला. प्रत्येकाने एकच ओळ लिहायची. ओळ इच्छेने सुरू करायची, तिच्यात एक रंग यायला हवा, चित्रकथेतलं एखादं पात्र यायला हवं आणि एखादं शहर किंवा देश यायला हवा. कागद गोळा करून, पत्त्यांसारखे पिसून कोक यांनी सगळ्या ओळी सलग मोठ्याने वाचल्या. वर्गाला कळलं की ही तर आपण सगळ्यांनी मिळून केलेली कविता आहे.

यमक जुळवू नका, असं कोक यांनी मुलांना स्पष्ट सांगितलं. यमक शोधताना मुलं मनातलं सोडून देतात आणि नको तो शब्द घेऊन येतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. स्पॅनिश शब्द वापरायची मोकळीक त्यांनी दिली, आणि घरची भाषा वर्गात आणताना आजवर दबकणारी मुलं एकदम पुढे सरसावली. स्वप्नं, खोटं बोलणं, आवाज, आधी मी असा होतो पण आता असा आहे, अशा एकेका कल्पनेवर एकेक तास. १९७०मध्ये निघालेल्या ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ या पुस्तकात मुलांच्या या कविता आहेत आणि त्यासोबत तासांची कृतीही आहे. कोणत्याही शिक्षकाने ते उघडावं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात करून बघावं, इतकं ते सोपं होतं. पुढे कोक यांनी ब्लेक, डन, लोर्का असे मोठे कवी त्याच मुलांपुढे ठेवले आणि त्यावर १९७३मध्ये दुसरं पुस्तक लिहिलं.

कोक यांच्यावर टीकाही झाली. साचा देऊन लिहवून घेतलेल्या ओळी एकसारख्या होतात, असं टीकाकार म्हणत. त्यात तथ्य आहे. अशा शंभर कविता सलग वाचल्या तर साचा दिसतोच. पण ज्या मुलाने आयुष्यात कधी आपणहून एक वाक्य लिहिलं नाही त्याला आधी काहीतरी पकडायला लागतं, ही गोष्ट वर्गात उभं राहिलेल्या कुठल्याही शिक्षकाला पटेल. शिवाय कोक वर्गात एकटे नव्हते. वर्गशिक्षिका त्यांच्याबरोबर थांबत, ते नसतील तेव्हा तासाचा धागा पुढे नेत. कोक यांच्यानंतर कवी रॉन पॅजेट त्याच शाळेत जात राहिला. फिलिप लोपेट हा लेखक तर पी. एस. ७५ या शाळेत वर्षानुवर्षं रमला. तिथल्या मुलांसोबतचं त्याचं ‘बीइंग विथ चिल्ड्रन’ हे १९७५चं पुस्तक आजही वाचावं असं आहे.

पुढच्या दशकांत लेखकाचं शाळेत येणं हा व्यवसायाचा भाग झाला. मानधन ठरलं, दिवसाला किती कार्यक्रम ते ठरलं. बालसाहित्यिकांपैकी अनेकांचं घर पुस्तकांच्या मानधनापेक्षा या भेटींवर चालू लागलं. पैसे उभे करायचे ते पालक संघाने, पुस्तक मेळाव्याच्या विक्रीतून. त्यातून एक उघड अन्याय झाला. ज्या शाळेचे पालक सुखवस्तू तिथे दरवर्षी लेखक, आणि जिथे पालक दोन-दोन नोकऱ्या करतात तिथे बरेचदा कुणीच नाही. ह्यूजने २५ सेंटच्या पुस्तिकेतून सोडवायला घेतलेला प्रश्न नव्या रूपात परत आला.

लेखकाला मिळणारा सन्मानही मोठा झाला. २००८पासून काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या पुढाकाराने मुलांच्या साहित्याचा राष्ट्रीय दूत नेमला जातो. पहिला मान जॉन शेस्का यांचा. २०२०मध्ये हे पद जेसन रेनल्ड्स यांच्याकडे आलं. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत आपण एकही कादंबरी पुरी वाचली नव्हती, असं ते मुलांना मोकळेपणाने सांगतात. पुस्तकांतली मुलं आपल्यासारखी नव्हती, हे त्याचं कारण.

भेट अडवली जाण्याच्या घटनाही याच काळातल्या. जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’ला २०२०चं न्यूबेरी पदक मिळालं. चित्रकादंबरीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. खासगी शाळेत दाखल झालेल्या एका कृष्णवर्णीय मुलाची ही गोष्ट. २०२१च्या ऑक्टोबरात टेक्सासमधल्या केटी इथल्या शाळांमधली मुलं दूरदृश्य पद्धतीने क्राफ्ट यांना भेटणार होती. काही पालकांनी पुस्तकाविरुद्ध सह्या गोळा केल्या, भेट पुढे ढकलली गेली आणि पुस्तक ग्रंथालयातून तपासणीसाठी काढलं गेलं. तपासणी समितीने ते निर्दोष ठरवल्यावर पुस्तक परत आलं आणि भेटीची नवी तारीखही ठरली. पण दरम्यान साऱ्या देशातल्या शालेय ग्रंथपालांना एक धडा मिळाला: पाहुण्याला बोलावणाऱ्यालाच आता जाब द्यावा लागणार.

२०१४मध्ये काही लेखकांनी मिळून ‘वुई नीड डायव्हर्स बुक्स’ ही चळवळ सुरू केली. कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळांमध्ये लेखकांच्या भेटी घडवणं हे तिचं एक काम, आणि भेटीच्या जोडीने त्या लेखकाचं पुस्तक मुलांना मोफत दिलं जातं. पुस्तक मूल घरी नेतं आणि ते त्याचंच राहतं. शाळा निवडणं, पुस्तकं मागवणं, ती वर्गावर्गांत पोचवणं आणि पाहुणा येण्याआधी मुलांकडून ती वाचून घेणं हे काम आजही शिक्षक आणि ग्रंथपालच करतात. अनेक शालेय जिल्ह्यांमध्ये खर्चात कपात करायची वेळ आली की कुऱ्हाड पडते ती त्यांच्याच पदांवर.